पिवळं ऑइल

गेल्या वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत गावी गेलो, तर बाबांच्या मारुती ८०० मध्ये बसल्या बसल्या जळक्या ऑइलचा वास आला. काच खाली केली तरी हटेना. बाबांना त्याची इतकी सवय झाली होती की "कसला वास?" म्हणून त्यांनीच मला विचारलं. दिग्रसला बाजाराचं काम होतंच, तेव्हा जाता जाता गाडी मिस्त्रींकडे नेली. मिस्त्रींनी बॉनेट उघडून टॉर्च मारला, टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, कडेने बोट फिरवलं आणि लगेच सांगितलं की पॅकिंग कडक होऊन चिरलंय, थेंब थेंब ऑइल गळून खालच्या तापलेल्या पाइपावर जळतंय. किरकोळ काम. मिस्त्री पाने काढेपर्यंत बाबांनी स्वतःच डिपस्टिक, ऑइलची पातळी पाहायची पट्टी, उपसली, पांढऱ्या रुमालाच्या टोकाला टेकवली आणि तो डाग मला दाखवला. "पाह्य. किती दिवसाचं ऑइल हाय, अजून पिवळं." शाळेत गुरुजी असताना वर्गातल्या हुशार पोराची वही तपासणीला आलेल्या साहेबांपुढे ठेवताना बाबांचा आवाज असाच लागायचा.

मग मिस्त्रींनी कव्हर उचललं.

चुलीमागच्या भिंतीवर वर्षानुवर्षं तेलाची वाफ आणि काजळी बसून जो जाड, चिकट, काळपट-तपकिरी थर होतो, तसा थर सगळ्या हेडवर, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागावर, होता. रॉकर, स्प्रिंगा, कॅमशाफ्टच्या बाजूचे कोपरे, ऑइल खाली उतरायची भोकं, सगळं त्याच्याखाली. मिस्त्रींनी स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने एक कोपरा खरवडला तर तो सुटून आला नाही, ताणला गेला. बाबा वाकून पाहत राहिले, रुमाल हातात तसाच. बऱ्याच वेळाने म्हणाले, "मी तं दर वेळी ऑइल टाकत होतो." मिस्त्री बाबांच्याच शाळेत शिकलेले. आता स्वतः पन्नाशी ओलांडली, तरी बाबांसमोर तंबाखूच्या खर्ऱ्याची पुडी खिशातून काढत नाहीत. ते हेडकडे पाहूनच हळू बोलले, "टाकत गेले जी गुरुजी तुमी. काढलं कुठी?"

ते वाक्य अमरावतीला परत येईपर्यंत आणि त्यानंतरही मला टोचत राहिलं.

टोचायचं कारण असं की या गाडीची बाबांनी जेवढी निगा राखली तेवढी आमच्या पट्ट्यात क्वचितच कुणी राखली असेल. दर रविवारी विहिरीच्या पाण्याने अंघोळ. आधी साधं पाणी, मग साबणाचं, मग पुन्हा साधं, आणि शेवटी जुन्या धोतराच्या मऊ फडक्याने कोरडं पुसणं. मे महिन्यात ऊन पंचेचाळीसच्या पुढे जातं तेव्हा गाडी कडुलिंबाखालून हलवायची नाही, हा घरातला नियम. पोळ्याला बैलांच्या शिंगांना रंग लागला, गळ्यात घुंगुरमाळा पडल्या की उरलेल्या हळदीकुंकवाचं बोट बॉनेटलाही लागायचं, आणि आई नैवेद्याच्या पुरणपोळीचा तुकडा गाडीसमोर ठेवून मग तो गाईला द्यायची. पंधरा वर्षं झाली, नोंदणी पुन्हा करायची वेळ आली, तेव्हा बाबांनी चकार शब्द न काढता पैसे भरले. २०२२ च्या एप्रिलमध्ये त्याची फी सहाशेवरून पाच हजार झाली होती. आता पुढची फेरी आली की तेव्हा जी असेल ती ते भरतील. रंग पाहून गाडीचं वय कुणाला सांगता यायचं नाही. हे सगळं प्रेमच होतं, यात मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. फक्त ते जिथपर्यंत नजर जाते तिथपर्यंत पोचलं आणि तिथे थांबलं.

ऑइल बाबा फाट्यावरच्या दुकानातून आणत. मोठ्या टाकीला तोटी आणि खाली माप, असं सुटं ऑइल. ट्रॅक्टरवाले, मोटारपंपवाले, गंजलेल्या बिजागऱ्यांना लावायला नेणारे, सगळे त्याच टाकीवर. घरी त्यासाठी एक झाकणाची स्टीलची बरणी होती. पातळी खाली गेली की बरणीतून ओतायचं. आणि गाडी ऑइल खात असल्यामुळे पातळी जातच असे, त्यामुळे आपण नेहमी ताजं ऑइल देतो आहोत असं त्यांना मनापासून वाटायचं. जुनं मात्र तळाला होतं तिथेच राहिलं. तळातून ऑइल काढायचा ड्रेन बोल्ट शेवटचा कधी उघडला होता हे त्यांना आठवेना. मिस्त्रींनी त्याला पाना लावला तेव्हा तो चक्क किंचाळला.

आपल्याकडे तेलाची पारख रंगावर. घाण्याचं जवसाचं तेल असो की करडीचं, नितळ पिवळं दिसलं की चोख, गढूळ झालं की शंका. बाबांनी तीच कसोटी इंजिनाच्या ऑइलला लावली, आणि ती तिथे उलटी पडते. पेट्रोल जळताना काजळी होते, अर्धवट जळलेलं इंधन उरतं, आम्लं तयार होतात. बराचसा ऐवज सायलेन्सरमधून बाहेर जातो, पण थोडा पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, उतरतो. तो कुठेतरी बसणारच. चांगल्या ऑइलमध्ये यासाठी दोन जातीची द्रव्यं घातलेली असतात. एक डिटर्जंट, बहुधा कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमचे क्षार, जे तापलेल्या धातूवर मळ चिकटू देत नाहीत आणि आम्लांचा जोर मारतात. दुसरं डिस्पर्संट, जे काजळीच्या कणाला वेढून टाकतं आणि त्याला शेजारच्या कणाशी गोळा होऊ देत नाही. असे सुटे राहिलेले कण एका मायक्रॉनहून, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून, बारीक असतात. फिल्टरचा कागद वीस-तीस मायक्रॉनचा कचरा धरतो, हे त्याच्यातून आरपार जातात. म्हणून फिल्टर नवा असला तरी ऑइल काळं होतं, आणि व्हायलाच हवं. त्या काळेपणात इंजिनाच्या भिंतीवर जाऊन बसला असता तो मळ असतो, ऑइल काढलं की तो गाडीच्या बाहेर पडतो. वर्षानुवर्षं पिवळं राहणारं ऑइल मळ उचलतच नाही. तो हेडवर बसतो, रिंगांच्या खाचांत बसतो, चेंबरच्या तळाला बसतो, आणि डिपस्टिकवर काहीच दिसत नाही. काळ्या रंगाला उष्णतेने ऑइल जळणं हेही एक कारण असतं, हे खरं. नुसता रंग पाहून बदलायची वेळ ठरत नाही, ती किलोमीटर आणि महिन्यांवरच ठरवावी. पण पिवळं म्हणजे चांगलं, हे तर मुळीच नाही.

मळ उचलणारं ऑइल येण्यात ट्रॅक्टरांचाही वाटा आहे. १९३० च्या दशकात कॅटरपिलर या अमेरिकन कंपनीच्या डिझेल ट्रॅक्टरांमध्ये रिंगा मळाने जागच्या जागी चिकटून बसायला लागल्या, इंजिनं दम टाकायला लागली. तोवरचं ऑइल म्हणजे शुद्ध केलेलं खनिज तेल, बाकी काही नाही. त्या अडचणीतून मळ धुणारी द्रव्यं घातलेलं ऑइल आलं, आणि मग मोटारींकडे वळलं. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या वर्गवारीत एसए हा पहिला वर्ग, ज्यात कसलंच द्रव्य नसतं. त्याबद्दल त्यांनीच लिहून ठेवलंय की १९३० नंतरच्या बहुतेक पेट्रोल इंजिनांना हे चालणार नाही. आता २०२५ पासून एसक्यूपर्यंत अक्षरं येऊन पोचली आहेत. टाकीच्या तोटीतून मापाने मिळणाऱ्या ऑइलवर यातलं कुठलंच अक्षर नसतं. ते काय आहे, कुठून आलं, कुणाच्या गाडीतून आधी निघालं, काही कळायला मार्ग नाही. नव्वद वर्षांपूर्वी सुटलेला प्रश्न आमच्या फाट्यावर अजून लिटरच्या मापाने विकला जातो, याचा मला राग येतो. मारुतीच्या इंजिनात साधारण तीन लिटरच ऑइल मावतं. सीलबंद डब्यात आणि सुट्यात पैशांचा जो फरक पडतो तो इंजिनाच्या कामापुढे काहीच नाही.

पण एकट्या ऑइलवर सगळं ढकलणं बरोबर नाही. गाडी चालली कशी, हेही बघायला हवं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा विश्वास बसला नव्हता, पण पेट्रोलमधला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी जुळला की दुसरं काय होणार. ते वाफ होऊन निघून जातं, पण त्यासाठी इंजिन आणि ऑइल दोन्ही पुरते तापावे लागतात. बाबांची गाडी घरून शाळेत, शाळेतून शेतात, शेतातून घरी. निवृत्तीनंतर तर शेत आणि देऊळ एवढंच. इंजिनातल्या पाण्याचं तापमान दाखवणारा काटा मध्यावर यायच्या आत गाडी पुन्हा कडुलिंबाखाली. पाण्याचा काटा वर आला तरी ऑइल त्याच्या बरंच मागे असतं. मग ती वाफ आतच थंड होते, ऑइलमध्ये मिसळते, आणि थंडीच्या दिवसांत ऑइल टाकायच्या झाकणाखाली पिवळसर-पांढरी साय धरते. ब्रीदरचा पाइप मळाने बुजला असेल तर आतल्या वाफेला बाहेरचा रस्ताच उरत नाही. आमचा तसाच बुजलेला निघाला, तार घालावी लागली.

उन्हाळ्यात उलटा मार. तापमान दहा अंशांनी वाढलं की ऑइल हवेशी मिळून बिघडण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ हिशेब आहे. जिनिंगच्या कारखान्यासमोर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली, पुढे सरकायचं म्हणून गाडी तासन् तास चालू, समोरून वारा नाही, बॉनेटखाली भट्टी. बाबा स्वतःचा कापूस ट्रॅक्टरने पाठवत, पण पावती करायला, भावाचं बोलायला गाडी घेऊन तिथेच जाऊन थांबत. त्यात हवेत उडणारी रुईची लव. ती एअर फिल्टरवर बसते, रेडिएटरच्या जाळीत बसते, बोटाने ओढली तर लोकरीच्या पट्टीएवढी निघते. आणि काळ्या मातीची धूळ. ओली असताना चाक सोडत नाही ती माती वाळली की पिठाहून बारीक होते आणि जिथे फट मिळेल तिथे शिरते. शहरात राहणाऱ्यांच्या गाड्यांना ऑइल बदलायला पुस्तकात दिलेले पाच-दहा हजार किलोमीटर ठीक असतील. इथल्या गाडीला तो आकडा अर्धा धरावा, असं माझं स्पष्ट मत झालंय.

त्या दिवशी मिस्त्रींकडे माझा चुलतभाऊही आला होता, त्याच्या ट्रॅक्टरच्या क्लच प्लेटच्या कामाला. त्याने हेड पाहिलं आणि लगेच उपाय सांगितला. "दोन लिटर डिझेल टाका याच्यात, धा मिंटं चालू ठिवा, सगळं धुवून निंगते." आमच्याकडे हा उपाय सगळ्यांना पाठ आहे. कुणी डिझेल म्हणतं, कुणी रॉकेल, आता बाजारात बाटलीतही मिळतं, फ्लश म्हणून. ऐकायला इतकं सोपं की बाबाही लगेच तयार झाले. त्यांना तो थर एक मिनिटही आत नको होता. घरात काहीतरी सडतंय हे कळल्यावर माणूस जसा अस्वस्थ होतो तसे ते झाले होते. मिस्त्रींनी मात्र मान हलवली. "निंगते, पन जाते कुठी? जाळीवर जाऊन बसते."

चेंबरच्या तळाशी ऑइल पंपाच्या तोंडाला एक तारेची जाळी असते. इंजिनाला मिळणारा प्रत्येक थेंब आधी तिच्यातून जातो. वर्षांचा थर एकदम सुटला तर तो चुरा होऊन, पापुद्रे होऊन तळाला येतो आणि पंप त्याला जाळीकडे ओढतो. जाळी बुजली की वर क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याच्या, बेअरिंगला ऑइल पोचत नाही. शिवाय डिझेलने ऑइल इतकं पातळ होतं की बेअरिंग आणि क्रँक यांच्यामध्ये जो पडदा असायला हवा तो टिकत नाही, धातूवर धातू घासतो. मिस्त्रींनी एका जीपची गोष्ट सांगितली. मालकाने ऐकलं नाही, दुसरीकडे नेऊन डिझेलने धुवून घेतली, लग्नाला म्हणून निघाला आणि रस्त्यातच इंजिन खडखडायला लागलं. ऑइलचा लाल दिवा लागलेला होता, पण दुपारच्या उन्हात त्याला दिसला नाही. इंजिनाचं मोठं काम निघालं, क्रँक नागपूरला नेऊन घासून आणावा लागला. गोष्ट सांगून झाल्यावर ते बाबांकडे वळून म्हणाले, "बुढ्या इंजिनाले घाई चालत नाई गुरुजी. जसं बसलं तसंच हळूहळू निंगन."

मला हे पटलं, आणि नंतर जेवढं वाचलं त्यातही हेच सापडलं. साचलेला थर काढायचं काम ऑइललाच करू द्यावं. योग्य ग्रेडचं, नीट शिक्का असलेलं ऑइल घालावं. आमच्या हवेला आणि या इंजिनाला २०डब्ल्यू-४० या जाडीचं बरं. डबा सीलबंद, आणि रिकामा झाल्यावर त्याला भोक पाडायचं, म्हणजे त्यात पुन्हा कुणी भलतं भरून विकायला नको. पहिल्या खेपेला हजार किलोमीटरच्या आसपास ते काढून टाकावं, मग दीड-दोन हजारांवर, मग तीनवर. दर वेळी फिल्टर नवा, कारण सुटून येणारा जाडसर कचरा तोच धरतो, आणि भरलेल्या फिल्टरला बगल देऊन ऑइल न गाळताच पुढे जातं, तशी त्यात झडपच असते. काढताना इंजिन गरम असावं, म्हणजे ऑइलमध्ये तरंगणारं सगळं त्याच्याबरोबर वाहून जातं, गार झालं की तळाला बसून राहतं. आणि अधूनमधून गाडी लांब न्यावी. हे शेवटचं बाबांना पटवायला सगळ्यात जड गेलं. कामाशिवाय पेट्रोल जाळायचं हे त्यांच्या आयुष्यात कधी बसलेलंच नाही. शेवटी यवतमाळची कामं साठवून ठेवायची आणि बसऐवजी गाडीने जायचं, यावर तोडगा निघाला.

पहिल्या बदलाला मी मुद्दाम गावी गेलो. घमेल्यात पडलेलं ऑइल पाहून बाबांचा चेहरा उतरला. काळंशार. टाकलं तेव्हा मधासारखं पारदर्शक होतं, हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं. "एवढं महागाचं ऑइल, थे बी नकली निंगालं," म्हणाले. मिस्त्रींनी त्यातला थेंब अंगठा आणि तर्जनीमध्ये घेऊन चोळला, कण लागतात का पाहिलं, आणि बाबांच्या बोटांनाही लावला. गुळगुळीत होतं, खरखर नव्हती. मग हॅक्सॉने जुना फिल्टर कापला, कागदाची घडी उलगडली. घड्यांच्या आत बारीक काळे पापुद्रे बसलेले. ते बाबांनी बराच वेळ उन्हात धरून पाहिले. त्यानंतर ऑइल नकली आहे असं ते बोलले नाहीत, पण काळा रंग अजूनही त्यांना आवडत नाही. डिपस्टिक काढली की आधी नाक मुरडतात, मग म्हणतात, "घेऊन राह्यलं."

दर बदलाला ऑइल टाकायच्या भोकातून टॉर्च मारून आत पाहायचं, ही आता आमची रीत झाली आहे. पहिल्यांदा काहीच फरक नव्हता. मग रॉकरची एक कडा उघडी पडलेली दिसली, करड्या रंगाची. मग एक स्प्रिंग. सपाट जागेवरचा थर अजून आहे, कोपऱ्यातला तर जसाच्या तसा, पण त्याची चकाकी गेलीय, मऊ पडल्यासारखा दिसतो. जिथून ऑइलची धार जोरात जाते तिथे आधी साफ होतं, जिथे नुसतं शिंतोडतं तिथे मागून. हे सगळं इतकं सावकाश चालतं की रोज पाहणाऱ्याला कळणारही नाही. गाडीचा आवाज बदलला का, असं लोक विचारतात. थंडीत सकाळी सुरू करताना टॅपेटची टकटक लवकर थांबते, एवढं नक्की. ऑइल खाण्याचं प्रमाण कमी झालंय, पण थांबलेलं नाही. रिंगांच्या खाचा मोकळ्या होत असतील, पण झिजलेली रिंग ऑइलने भरून येत नाही, आणि तसं कुणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

एक तोटाही झाला. गिअर बॉक्सच्या बाजूचं क्रँकचं ऑइल सील (ऑइल अडवणारी रबरी कडी) गळायला लागलं. ते आधीच कडक झालेलं होतं, मळाने ती फट बुजवून ठेवली होती, मळ गेला तसं उघडं पडलं. कडुलिंबाखाली रोज सकाळी थेंबाचा डाग दिसतो. बाबांनी तिथे पुठ्ठा टाकून ठेवलाय आणि मी फोन केला की डाग वाढला की कमी झाला ते सांगतात. आई म्हणते, होतं तेच बरं होतं, निदान गळत तरी नव्हतं. तिचं म्हणणं मला अगदीच चुकीचं वाटत नाही. घाणीच्या आधाराने उभ्या राहिलेल्या गोष्टी असतात, आणि घाण काढायला घेतली की त्या कोसळतात, हे तिने घर चालवताना माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय. तरीही सील बदलता येतं, बेअरिंग गेलं तर इंजिन जातं, म्हणून मी माझ्या बाजूवर कायम आहे.

हे सगळं चालू असताना मला आजोबांची बैलगाडी आठवत राहिली. बाजाराला निघायच्या आधी ते चाकाची कुणी, म्हणजे खीळ, काढत, चाक थोडं बाहेर ओढत आणि आधी चिंधीने जुनं काळं वंगण निपटून पुसून काढत. मग नवं एरंडेल. पुसल्याशिवाय त्यांनी नवं लावलेलं मी पाहिलं नाही. बाबा त्याच अंगणात वाढले, त्यांनी कंदील धरला असेल. मग ही पुसायची पायरी मधल्या मधे कुठे गळली? मला वाटतं, बैलगाडीचं चाक माणूस स्वतः उघडत होता, आत काय आहे ते रोज हाताला लागत होतं. मारुती आली ती बंद डब्यात आली. बाहेरून धुवायची, आत ओतायचं, बाकी विश्वास. बैलगाडीसारखीच शकुंतला, आमच्या भागातली छोटी रेल्वे, आठवते. दारव्ह्यावरून जाणाऱ्या त्या रेल्वेला मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन होतं, १९२३ पासून थेट १९९४ पर्यंत त्याने गाडी ओढली. बाबा तिच्यातून मूर्तिजापूरला गेलेत. सत्तर वर्षं. वाफेच्या इंजिनाचा बॉयलर ठरावीक दिवसांनी रिता करून, तळाची झाकणं उघडून धुवावाच लागतो, नाहीतर पाण्यातला क्षार साचून तो जातो. कुणीतरी ते सत्तर वर्षं न चुकता केलं असणार. त्या माणसांची नावं कुठे लिहिलेली नाहीत, आणि गाडी वेळेवर सुटली तेव्हा त्यांची आठवण कुणाला आली नसेल.

काढलेल्या ऑइलचं काय करायचं, यावर आमचा खरा वाद झाला. गावात जळकं ऑइल फेकत नाहीत. गोठ्याच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून लावतात, सेंट्रिंगच्या पाट्यांना लावतात, उरलेलं बांधावर ओततात. बाबांनीही खांबांसाठी डबा भरून ठेवला होता. पण त्या ऑइलमध्ये आता काय आहे हे आम्ही दोघांनी घमेल्यात पाहिलं होतं. इंजिनातला सगळा मळ, झिजलेल्या धातूचे अंश, जळक्या इंधनाची रसायनं. गोठ्यापासून विहीर पंधरा पावलांवर. पावसात खांबावरून ते कुठे जाणार? कायद्यानेही वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं, २०१६ च्या नियमांत तसं आहे, आणि ते परवानाधारक शुद्धीकरणवाल्याकडे जायला हवं. मी हे सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, इतकी वर्षं सगळे लावतात, कोण मेलं? मी म्हटलं, इतकी वर्षं सगळे पिवळं ऑइलही टाकत होते. ते गप्प झाले. मला तसं बोलल्याचं वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतला नाही. दुसऱ्या दिवशी डबा मिस्त्रींच्या मागच्या ड्रमात रिकामा झाला. तो ड्रम भरला की नागपूरचा माणूस येऊन तोलून नेतो.

बाबांनी आता एक वही केली आहे. शाळेच्या हजेरीपटासारखे उभे रकाने आखलेले, त्यात तारीख, किलोमीटर, ऑइलचं नाव, ग्रेड, फिल्टर, रंग. रंगाच्या रकान्यात ते प्रामाणिकपणे "काळे" असं लिहितात. शेवटच्या रकान्याचं शीर्षक "टॉर्चने पाहिले" असं आहे आणि त्यात दोन-तीन शब्दांत जे दिसलं ते. "डावी बाजू मोकळी." "फरक नाही." "झाकणाला साय नाही." अक्षर पहिल्यासारखंच वळणदार.

चेंबर उतरवायचा की नाही, हा प्रश्न उरला आहे. मिस्त्रींचं म्हणणं, वरून जेवढं दिसतंय त्याच्या दुप्पट खाली असेल, जाळी एकदा हातात घेऊन पाहावी, रॉकेलमध्ये बुडवून ब्रशने साफ करावी आणि त्याच हाताला सीलही बदलून टाकावं. जाळी बाहेर काढून धुतली तर त्यात धोका नाही, सुटलेला कचरा इंजिनात जात नाही. बाबांना चालत्या गाडीचं पोट उघडायची भीती वाटते. मी मिस्त्रींच्या बाजूने आहे. तीन सिलिंडरचं छोटं इंजिन, चेंबर उतरवायला अवघड नाही, आणि लाल दिवा लागायची वाट पाहून हे काम करणं म्हणजे उशीर झाल्यावर करणं. तूर घरात आली की गाडीला आठवडाभर काम नसतं. तेव्हा करायचं, असं कालच फोनवर ठरलं. सील आणि चेंबरचं पॅकिंग मी अमरावतीहून नेणार आहे. बाबांनी वहीत त्याची ओळ आधीच घातली आहे, तारखेची जागा सोडून.